एक गेम, तीन दुकानं: पैसे भरण्याआधी काय काय तपासावं

रावेरजवळच्या गावातून भाच्याचा फोन आला. “मामा, तोच गेम स्टीमवर आहे, एपिकवर आहे, जीओजीवर पण आहे. एपिकवर दोनशे रुपये कमी दाखवतंय. तिथून घेऊन टाकू का?” आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आजोळी आला तेव्हा आजी-आजोबांनी हातात ठेवलेले पैसे त्याने जपून ठेवले होते. असा मोठा गेम त्याला वर्षातून एकदा, फार तर दोनदा घेता येतो. मी म्हटलं, “थांब जरा. भाव सगळ्यात शेवटी बघू.”

मग मी भुसावळला आणि तो तिकडे, असं फोनवरच तासभर आम्ही एकेक गोष्ट तपासली. तीच तपासणी इथे त्याच क्रमाने लिहितो. खान्देशात पीसीवर खेळणारी पोरं आता गावोगावी आहेत, पण त्यांना मिळणारा सल्ला बहुतेक मोठ्या शहरातल्या घरासाठी असतो. तिथे नेट जात नाही आणि घरात एसी असतो. आपल्याकडे दोनशे रुपयांचा फरक एकदाच सोसावा लागतो. चुकीच्या दुकानातून घेतलेला गेम मात्र नेट गेलं की प्रत्येक वेळी छळतो.

आधी दुकानांची ओळख

स्टीम हे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं दुकान. २००३ साली सुरू झालं आणि आज पीसी गेमची सगळ्यात मोठी बाजारपेठ तीच आहे. भारतात २०१५ च्या शेवटी तिथे किमती रुपयांत दिसू लागल्या. यूपीआय, नेटबँकिंग, रुपे कार्ड सगळं चालतं.

एपिक गेम्स स्टोअर डिसेंबर २०१८ मध्ये आलं. दर आठवड्याला फुकट गेम देणारं दुकान म्हणून पोरांना ते जास्त माहीत आहे. गेम बनवणाऱ्यांकडून स्टीम साधारणपणे ३० टक्के वाटा घेतं, एपिकने सुरुवातीपासून जास्तीत जास्त १२ टक्केच घेतला. काही गेम पीसीवर फक्त एपिकवरच मिळतात, त्यामागे एपिकने बनवणाऱ्यांशी केलेले करार असतात.

जीओजी हे २००८ मध्ये सुरू झालेलं पोलंडमधलं दुकान. जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे करून विकायचे, हे त्याचं पहिलं काम होतं. पुढे नवे गेमही आले. पण तिथला प्रत्येक गेम कुलूप न लावता मिळतो, ही त्याची खरी ओळख आजही टिकून आहे. कुलूप म्हणजे काय, ते पुढे येईलच.

याशिवाय मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ॲप आहे, युबिसॉफ्ट आणि ईए या गेम कंपन्यांची स्वतःची दुकानं आहेत आणि छोट्या, हौशी बनवणाऱ्यांचे गेम मिळणारं इच डॉट आयओ आहे. ग्राफिक्स कार्ड नसलेला जुना पीसी असेल तर इच डॉट आयओवर एक चक्कर नक्की मारा. तिथले कितीतरी गेम काहीशे एमबीचेच असतात आणि बऱ्याच गेमना आपल्या मनाने किंमत देता येते.

पायरी १: वहीत तीन ओळी लिहा

भाच्याला मी पहिल्यांदा वही घ्यायला लावली. पहिली ओळ नेटची: फायबर आहे की मोबाइलचा डेटा, आणि स्पीड टेस्टमध्ये रात्री किती दाखवतं? दुसरी पीसीची: विंडोज कुठलं, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कुठलं, डिस्कमध्ये जागा किती उरली? तिसरी माणसांची: पीसी एकट्याचा आहे की भावंडांत वाटून, आणि मित्र कुठल्या दुकानावर खेळतात?

विंडोजची ओळ सहज लिहून सोडू नका. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत विंडोज ७ किंवा ८ वर चालणारे पीसी आहेत. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने या दोन्ही विंडोजना पाठिंबा देणं थांबवलं. म्हणजे गेम जुना असला, त्या पीसीवर चालण्यासारखा असला, तरी तो ज्या स्टीममधून उघडायचा ते स्टीमच तिथे नीट चालेल याची खात्री नाही. असा पीसी असेल आणि जुनेच गेम खेळायचे असतील तर जीओजी सोयीचं, कारण तिथे गेमची फाइल थेट उतरवता येते, मध्ये दुसरं सॉफ्टवेअर लागत नाही. फक्त त्या गेमच्या पानावर आपलं विंडोज लिहिलेलं आहे का, ते वाचा.

पायरी २: नेटचं गणित मांडा

भाच्याला हवा असलेला गेम ७० जीबीचा. त्याच्याकडे ४० एमबीपीएसचं फायबर आहे. ७० जीबी म्हणजे साधारण ५,६०,००० मेगाबिट. भागिले ४०, म्हणजे १४,००० सेकंद, जवळजवळ चार तास. हे झालं लाइन पूर्ण वेळ नीट चालली तर. वादळात खांबावरची केबल तुटली आणि मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर यायची वेळ आली, तर हाच गेम उतरायला ४७ दिवस लागतील.

आता हे गणित पैसे परत मिळण्याच्या मुदतीशेजारी ठेवून बघा. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. एपिकचा नियमही १४ दिवस आणि २ तासांचाच. जीओजीवर मुदत ३० दिवसांची, आणि मधल्या काळात गेम खेळला असला तरी चालतो. डाउनलोडचा वेळ त्या २ तासांत धरत नाहीत, पण १४ दिवसांचं घड्याळ पैसे भरल्या क्षणी सुरू होतं. म्हणजे ज्याच्या घरी गेम उतरायलाच वीस दिवस लागणार, त्याची पैसे परत मागायची मुदत गेम पहिल्यांदा उघडायच्या आधीच संपते. हे कुठल्याच सल्ल्यात लिहिलेलं मी पाहिलं नाही आणि आपल्याकडच्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. म्हणून नियम एकच करा: ज्या दिवशी उतरवून घेता येईल त्याच दिवशी पैसे भरा. सेलमध्ये घेऊन ठेवू, दिवाळीच्या सुट्टीत उतरवू, असं करू नका.

नेट हळू असेल तर उतरवायच्या वाटा दुकानाप्रमाणे बदलतात, आणि निवड करताना हेही धरावं.

जीओजीची वाट सगळ्यात सरळ. पुण्याला शिकणाऱ्या भावाकडे चांगलं नेट असेल तर तुमच्या खात्यातून गेमची इन्स्टॉल फाइल तिथे उतरवायची, हार्डडिस्कवर घ्यायची आणि सुट्टीला घरी येताना आणायची. घरी नेट नसलं तरी गेम बसतो आणि चालतो.

स्टीमवरही असं आणता येतं. स्टीममध्येच बॅकअपची सोय आहे. शिवाय २०२३ पासून आणखी एक छान सोय आली: एकाच वायफायवर दोन पीसी असतील आणि एकात गेम असेल, तर दुसरा पीसी तो नेटवरून न घेता शेजारच्या पीसीकडूनच उचलतो. शिरपूरच्या, जळगावच्या हॉस्टेलांत राहणाऱ्यांसाठी हे फारच कामाचं आहे. सेटिंगमधल्या डाउनलोडच्या पानावर हा पर्याय असतो, दोन्हीकडे चालू करावा लागतो. त्याच पानावर अपडेट रात्री किती ते किती वाजेपर्यंत व्हावेत, हेही ठरवता येतं. घरातल्या कुणाची ऑनलाइन शिकवणी दुपारी असेल तर हे आधी करून ठेवा.

एपिकवर थोडी खटपट आहे. गेमचं डाउनलोड सुरू करायचं, एखाद-दोन टक्के झाले की थांबवून एपिक पूर्ण बंद करायचं, मित्राकडून आणलेलं त्याच गेमचं फोल्डर त्या जागी ठेवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मग ते आधी फाइली तपासतं आणि जे कमी असेल तेवढंच उतरवतं. गेम अर्थातच तुमच्याही खात्यात विकत घेतलेला हवा.

पायरी ३: कुलपं मोजा

गेम विकत घेतला असं आपण म्हणतो, पण स्टीम असो की एपिक, तिथे आपल्याला मिळतो तो खेळायचा परवाना. स्टीम आता पैसे भरायच्या पानावरच हे स्पष्ट लिहितं. परवान्यासोबत कुलूप येतं: गेम उघडताना तो तुमचाच आहे का, हे सॉफ्टवेअर तपासतं. प्रश्न असा की एका गेमवर अशी कुलपं किती आहेत आणि ती उघडायला नेट किती वेळा लागतं.

पहिलं कुलूप दुकानाचं. स्टीममध्ये ऑफलाइन मोड आहे, पण त्याची तयारी नेट चालू असतानाच करावी लागते. एकदा ऑनलाइन लॉगिन करायचं, गेम एकदा उघडून पहिल्या पडद्यापर्यंत जायचं, अपडेट पूर्ण होऊ द्यायचे आणि मग ऑफलाइन मोड लावून बघायचा. एपिकमध्येही सेटिंगमध्ये ऑफलाइनचा पर्याय आहे, पण गेम तसा चालेल की नाही हे त्या त्या गेमवर अवलंबून असतं. जीओजीला यातलं काही लागत नाही.

दुसरं कुलूप गेम कंपनीचं. युबिसॉफ्टचा गेम तुम्ही स्टीमवरून घेतला तरी खेळताना युबिसॉफ्ट कनेक्ट उघडतं आणि तिथलं खातं मागतं. ईए आणि रॉकस्टारचंही तसंच. दोन खाती, दोन पासवर्ड, दोन्हीकडे नेट. तिसरं कुलूप डेनुवोसारखं, जे गेमच्या आतच बसवलेलं असतं. पहिल्यांदा आणि नंतरही अधूनमधून ते नेट मागतं.

हे घेण्याआधी कळतं. स्टीमवर गेमच्या पानावर उजव्या बाजूला खाली जा. दुसऱ्या कंपनीचं खातं लागत असेल, डेनुवो असेल, तर तिथे चौकटीत लिहिलेलं असतं. तोच गेम एपिकवरून घ्यायचा असला तरी आधी स्टीमचं हे पान वाचावं, कारण अशी माहिती तिथे सहज सापडते.

चौथं कुलूप सगळ्यात वाईट: कायम ऑनलाइन. युबिसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवरच चालायचा. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. त्यावरूनच एप्रिल २०२४ मध्ये गेम असे मारू नका अशी मोहीम युरोपात, अमेरिकेत उभी राहिली. एकट्याने खेळायचा गेम जर कायम नेट मागत असेल तर मी तो घेत नाही. आपल्याकडे संध्याकाळी लाइट गेली की राउटरही जातो. लॅपटॉपची बॅटरी असते, खेळायला वेळ असतो, आणि गेम उघडत नाही.

भाच्याच्या गेमवर दुकानाचं एकच कुलूप निघालं, आणि जीओजीवर तेही नव्हतं. त्याने वहीत जीओजीपुढे बरोबरची खूण केली.

पायरी ४: मित्र, मॉड आणि जोडभाग

एकट्याने खेळायचा गेम असेल तर ही पायरी पटकन संपते. मित्रांसोबत खेळायचा असेल तर मात्र बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यांना विचारा. काही गेममध्ये स्टीमवाला आणि एपिकवाला एकत्र खेळू शकतात, काहींत नाही. गेमच्या पानावर क्रॉस-प्ले असं लिहिलं आहे का बघा. नसेल तर चौघे मित्र जिथे, तिथेच तुम्ही.

मॉडची, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेमसाठी बनवलेल्या बदलांची, हौस असेल तर स्टीमचं वर्कशॉप सोपं पडतं. एका बटणावर मॉड बसतो. तोच गेम दुसरीकडून घेतला तर बहुतेक वेळा हाताने फाइली टाकत बसावं लागतं.

आणि जोडभाग, म्हणजे डीएलसी. हे ज्या दुकानाचा मूळ गेम त्याच दुकानातून घ्यावे लागतात. एपिकवर फुकट मिळालेल्या गेमचा जोडभाग स्टीमच्या सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून घेतला, तर तो बसत नाही. मूळ गेम फुकट मिळाला की पुढचा खर्च कुठे होणार हेही तिथेच ठरतं.

पायरी ५: घरात खेळणारे किती

भाच्याला धाकटी बहीण आहे, तीही खेळते. इथे स्टीमची बाजू खूप जड होते. सप्टेंबर २०२४ पासून स्टीम फॅमिलीज सगळ्यांना खुलं झालं. एका घरातले सहा जण त्यात येतात, प्रत्येकाचं खातं वेगळं, सेव्ह वेगळे, आणि एकमेकांचे गेम सगळ्यांना खेळता येतात. बहीण त्याच्या यादीतला एक गेम खेळत असताना तो दुसरा खेळू शकतो. एकच गेम दोघांना एकाच वेळी खेळायचा असेल तर दोन प्रती लागतात. सगळेच गेम यात येत नाहीत. गेमच्या पानावर फॅमिली शेअरिंग लिहिलेलं असतं.

आई-वडिलांसाठी यात एक फार चांगली गोष्ट आहे. मुलाचं खातं लहान मुलाचं म्हणून जोडलं तर तो गेम निवडून मागणी पाठवतो आणि वडील आपल्या फोनवरून मंजूर करून पैसे भरतात. कार्डाचा नंबर पोराच्या हातात द्यावा लागत नाही.

दोन गोष्टी मात्र नीट ऐका. फॅमिली ही एका घरातल्यांसाठी आहे. मित्रांना घेऊन बसलात आणि नंतर बाहेर पडायचं ठरवलंत तर आधीच्या फॅमिलीत आल्यापासून वर्ष होईपर्यंत दुसऱ्या फॅमिलीत जाता येत नाही. आणि फॅमिलीतल्या कुणी तुमच्या गेममध्ये चीट वापरून बंदी ओढवली, तर त्या गेममध्ये तुमच्यावरही बंदी येते. गल्लीतल्या ओळखीच्या पोराला फॅमिलीत घेण्याआधी याचा विचार करा.

पायरी ६: आता भाव

रुपयांत दिसणारी किंमत दुकान ठरवत नाही, गेम कंपनी ठरवते. काही कंपन्या भारतासाठी किंमत कमी ठेवतात, काही डॉलरची किंमत सरळ रुपयांत फिरवतात. म्हणून एकाच दुकानात एक गेम परवडतो आणि त्याच दर्जाचा दुसरा हाताबाहेर जातो. स्टीम आणि एपिक दोन्हीकडे रुपये दिसतात, तिथे सरळ तुलना होते. पैसे भरायच्या शेवटच्या पानावरचा आकडा धरायचा.

जीओजीवर किंमत डॉलरमध्ये असते आणि इथे गणित करावं लागतं. समजा गेम २० डॉलरचा आणि डॉलर ९० रुपयांना धरला, तर १,८०० रुपये झाले. बँक परदेशी व्यवहारावर आपला आकार लावते. तो ३.५ टक्के असेल तर ६३ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ११ रुपये. एकूण १,८७४. तुमच्या बँकेचा आकार वेगळा असेल, तो आधी विचारून घ्या. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात; बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. चालू करताना मर्यादा गेमच्या किमतीएवढीच ठेवा आणि काम झालं की पुन्हा बंद करा.

जुना भाव बघायची सवय लावून घ्या. स्टीमडीबी या साइटवर स्टीमवरच्या गेमचा आजवरचा सगळ्यात कमी भाव रुपयांत दिसतो. इज देअर एनी डील ही साइट वेगवेगळ्या दुकानांतले भाव शेजारी शेजारी दाखवते. केळीचा भाव रोज विचारणाऱ्या घरातल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. गेल्या हिवाळ्यात ६०० ला गेलेला गेम आज ५० टक्के सूट म्हणून ९०० ला दिसत असेल, तर थांबायचं.

स्टीमचे मोठे सेल ठरलेले असतात: मार्चमध्ये एक, जूनच्या शेवटी उन्हाळी, शरद ऋतूत एक आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात हिवाळी. गेमवरची सूट सेलच्या पहिल्या दिवशी जेवढी, साधारण तेवढीच शेवटच्या दिवशीही राहते. पूर्वी काही तासांपुरती जास्त सूट मिळायची, ती पद्धत २०१५ च्या शेवटी बंद झाली. म्हणून घाई नको. गेम विशलिस्टमध्ये टाका, सूट लागली की मेल येतो, आणि सेल संपायच्या आत एखाद्या शांत दिवशी नेट बघून घ्या. गेम घेतला आणि चारच दिवसांत सेल लागला, असं झालं तर वाईट वाटून घेऊ नका. पैसे परत मागून तोच गेम सेलच्या भावात पुन्हा घेणं स्टीमच्या नियमांत बसतं, फक्त १४ दिवस आणि २ तासांची अट पाळलेली हवी.

एपिकच्या फुकट गेमबद्दल. दर गुरुवारी आपल्या वेळेनुसार रात्री साडेआठला, अमेरिकेत हिवाळी वेळ असेल तेव्हा साडेनऊला, नवा गेम लागतो. तो आठवड्याच्या आत खात्यात घेतला की आपल्याकडेच राहतो, डाउनलोड पुढे कधीही करा. मे २०२० मध्ये जीटीए ५ असा फुकट मिळाला तेव्हा गर्दीने एपिकची साइटच बसली होती. ज्यांच्याकडे आज गेमसाठी पैसे नाहीत त्यांनी एपिकचं खातं उघडून हा गुरुवार पाळावा, असं मी मनापासून सांगतो. वर्षभरात चांगले वीस-पंचवीस गेम जमतात.

मायक्रोसॉफ्टचा गेम पास हा भाड्याचा मामला आहे. महिन्याचे पैसे भरा, यादीतलं काहीही खेळा, पैसे थांबले की खेळणं थांबलं. यादीतून गेम निघूनही जातात. परीक्षा संपल्यावर महिनाभर भरपूर खेळायचं असेल तर परवडतो. रोज अर्धा तास खेळणाऱ्याला वर्षाचे बारा हप्ते जोडले की महाग पडतो. घेतल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करा. हप्ता कापण्याच्या २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, पण तो मेसेज वडिलांच्या फोनवर येतो आणि वाचला जात नाही.

पायरी ७: फार स्वस्त दिसलं तर

ही पायरी मी दुःखाने लिहितो, कारण याच भाच्याने दोन वर्षांपूर्वी यात पैसे घालवले. टेलिग्रामवर कुणीतरी तीन हजारांचा गेम चारशेला देत होता. पैसे यूपीआयने पाठवल्यावर एक स्टीम खातं आणि पासवर्ड आला. लॉगिन करा, गेम उतरवा, मग लगेच ऑफलाइन मोड लावा आणि पुन्हा कधी ऑनलाइन जाऊ नका, अशी सूचना होती. सोळा दिवस चाललं. मग विंडोजचा अपडेट आला, स्टीमने पुन्हा लॉगिन मागितलं आणि पासवर्ड बदललेला होता. खातं देणारा माणूस टेलिग्रामचा गट सोडून गेला होता. तेच एक खातं अशा कितीतरी जणांना विकलेलं असतं. पोरगं दोन दिवस कुणाशी बोललं नाही. पैशापेक्षा फसल्याची लाज त्याला जास्त लागली. लाज वाटायची गरज त्याला नव्हती, फसवणाऱ्याला होती. असं कुणाच्या बाबतीत झालं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच फोन करा.

काही साइटवर अनोळखी विक्रेते गेमच्या चाव्या, म्हणजे कोड, अर्ध्या भावात विकतात. त्यातल्या काही चाव्या चोरीच्या कार्डावर घेतलेल्या असतात. कार्डवाल्याने तक्रार केली की कंपनी ती चावी रद्द करते आणि गेम तुमच्या यादीतून जातो. काही चाव्या दुसऱ्या देशापुरत्या असतात, भारतात लागतच नाहीत. चावी घ्यायचीच असेल तर ती गेम कंपनीकडून थेट घेऊन विकणाऱ्या अधिकृत दुकानातून घ्या. हंबल आणि फॅनॅटिकल ही त्यातली जुनी नावं. तिथेही पैसे भरण्याआधी चावी कुठल्या दुकानाची आहे आणि भारतात चालते का, या दोन ओळी वाचा.

देश बदलून स्वस्तात घेण्याची युक्तीही कुणी सांगेल. स्टीमवर देश बदलायला त्या देशातलंच पैसे भरायचं साधन लागतं, आणि खोटा देश लावला तर खात्यावर बंधनं येऊ शकतात. वर्षानुवर्षं जमवलेले गेम त्यात अडकतात.

पायरी ८: पहिले दोन तास

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात बघतो, चालवून बघतो, पळवून बघतो, मगच पैसे मोजतो. आपल्याला पैसे आधी मोजावे लागतात, पण चालवून बघायला दोन तास मिळतात. ते गोष्टीत रमून घालवू नका.

गेम उघडल्यावर आधी सेटिंगमध्ये जा, ग्राफिक्स मध्यम ठेवा आणि जिथे हाणामारी किंवा गर्दी असेल अशा ठिकाणापर्यंत पोहोचा. सुरुवातीचे गेम कंपनीचे पडदे, शेडर (गेमची चित्रं काढणाऱ्या छोट्या फाइली) तयार होण्याची वाट बघणं, हे सगळं त्या दोन तासांत मोजलं जातं. शेडरला वीस मिनिटं लागली तर तुमच्याकडे शंभरच उरली.

आणि दुपारी एकदा खेळून बघा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. रात्री सुरळीत चाललेला लॅपटॉप दुपारी तीनला तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. उन्हाळ्यात घेत असाल तर दोन तासांतला अर्धा तास मुद्दाम दुपारी ठेवा. नंतर वायफाय बंद करून गेम उघडतो का, तेही बघा. यातलं काहीही जमलं नाही तर तेव्हाच पैसे परत मागा. स्टीमवर पैसे मूळ खात्यात किंवा स्टीम वॉलेटमध्ये घेता येतात. मूळ खात्यातच घ्या, वॉलेटमधले पैसे बाहेर काढता येत नाहीत.

प्रदर्शनाच्या आधी आगाऊ घेतलेल्या गेमबद्दल एक सूचना. महागड्या आवृत्तीत काही दिवस आधी खेळायला मिळतं, आणि एप्रिल २०२४ पासून तो वेळही स्टीम दोन तासांत धरतं.

खातं स्वतःचं करा

पुष्कळ घरांत ईमेल खातं मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. गेमचं खातं अशा मेलवर उघडू नका. आधी नवा मेल, त्याचा पासवर्ड वहीत, मग गेमचं खातं. स्टीम गार्ड, म्हणजे लॉगिनला फोनवरचा कोड मागणारी सुरक्षा, चालू करताना मिळणारा रिकव्हरी कोडही वहीत लिहा, फोन हरवला तर तोच कामाला येतो. खरेदीचे मेल कधी पुसू नका. खातं चोरीला गेलं तर ते आपलंच आहे हे दाखवायला ते लागतात.

आणि वडिलांना नीट समजावून सांगा. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायद्याने बंदी आली, त्यामुळे गेमसाठी पैसे म्हटलं की घरात भीती वाटते, आणि ती रास्त आहे. भाच्याच्या वडिलांशी मी स्वतः बोललो. हे पुस्तक विकत घेण्यासारखं आहे, एकदा पैसे दिले की झालं, यात काही लावायचं-जिंकायचं नाही, हे सांगितल्यावर त्यांनी कार्डाची परदेशी व्यवहाराची मर्यादा स्वतः बसून लावून दिली.

शेवटी वही अशी झाली होती: मित्रांचा प्रश्न नाही, कारण गेम एकट्याचा. फॅमिलीचा फायदा स्टीमकडे, पण बहिणीला हा गेम नको होता. नेट जातं-येतं, पीसी घरात एकच, आणि भाऊबीजेला घरी येणाऱ्या चुलतभावाकडे पुण्यात चांगलं नेट. एपिकपेक्षा साधारण पावणेतीनशे रुपये जास्त लागले, तरी त्याने जीओजीवरून घेतला. इन्स्टॉल फाइल चुलतभावाने उतरवायला घेतली आहे. ३० दिवसांची मुदत भाऊबीजेच्या पुढे दहा दिवस जाते, हे त्याने पैसे भरण्याआधी कॅलेंडरवर मोजून बघितलं.